सोबत विकर घेऊन येणारा विषाणू

अल्लीपूरसारख्या गावात मातीच्या भिंतीच्या भेगेत डासाहूनही बारीक वालुमाशी दडते. चांदीपुरा विषाणू मुख्यतः तीच पसरवते. हा विषाणू १९६५ साली आपल्या नागपुरात सापडला. मुलाला तीव्र ताप आणि झटके आले, तर तडक दवाखाना गाठा.

आपल्या पेशीत आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएवरून आरएनए उतरवतं. पटवारी सातबाऱ्याची नक्कल देतो, तसं. चांदीपुराचा मूळ दस्तच आरएनएचा. त्यावरून नक्कल काढणारं विकर त्याला आपल्या पेशीत मिळत नाही, म्हणून हा बिलंदर ते सोबत घेऊनच शिरतो. त्याच्यावर खास औषध अजून नाही. क्षयाच्या जंतूवर मात्र आहे: लघवी नारिंगी करणारं रिफॅम्पिसिन. ते जंतूचं पॉलिमरेज अडवतं, आपलं नाही.