टॉर्च बंद पडला तर



रब्बीच्या दिवसांत रात्री शिवाराकडे नजर टाकली, की लांबलांब हलणारे दिवे दिसतात. थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याला दारं धरायला त्याच वेळी जावं लागतं. पायाखाली ओला बांध, गवतात घोणस नाहीतर मण्यार असण्याची धास्ती आणि हातात एक टॉर्च. तो पाटात पडतो, दगडावर आपटतो आणि विझतो. मग ‘एलईडी उडाला’ म्हणून फेकला जातो किंवा कायमचा खुंटीला लागतो. खरं तर बहुतेक वेळा एलईडी उडालेला नसतोच.

जुन्या बल्बमध्ये तापून उजळणारी बारीक तार असे, ती एका धक्क्यात तुटे. एलईडीत अशी तार नाही. निळा प्रकाश देणारी इवलीशी चिप आणि त्यावर पिवळा थर. दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. हा निळा एलईडी साध्य करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. असा दिवा आपटण्याला सहसा दाद देत नाही. दगा देतात ते भोवतीचे भाग.

म्हणून आधी सेल काढून बघा. टोकाशी पांढरी पूड साचली असेल, तर सेल पाझरला आहे. साध्या झिंक-कार्बन सेलचा डबाच जस्ताचा असतो आणि वीज देताना तोच आतून झिजतो. त्यामुळे संपलेला सेल टॉर्चमध्ये ठेवला की तो फुटून गळू शकतो. ही गळती आम्लाकडे झुकणारी असते, ती पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्यानं पुसावी. सेलवर ‘अल्कलाइन’ छापलेलं असेल तर उलट. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड येतं, त्यासाठी कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यावा. हे रसायन कातडी आणि डोळे भाजतं, तेव्हा हातमोजे घाला आणि हात डोळ्यांना लावू नका. नंतर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा, स्प्रिंगवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं हलकेच काढा.

सेल चांगला असूनही उजेड नाही? धातूच्या टॉर्चचा स्विच शेपटीकडच्या टोपणात असेल, तर ते टोपण काढा. सेलचं उघडं पडलेलं टोक आणि नळीची रंग नसलेली कड यांना तारेचा तुकडा क्षणभर टेकवा. दिवा लागला तर दोष स्विचचा. तो गावातला रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर थोडक्यात बदलून देतो. आट्यांवरचा काळपट मळ कोरड्या फडक्यानं पुसला, तरी पुष्कळ टॉर्च पुन्हा पेटतात, कारण वीज त्या आट्यांतूनच वाहते.

पाण्यात पडला असेल तर सेल लगेच काढा आणि सगळे भाग सावलीत वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ नको. आट्यांपाशी असलेली रबरी रिंग चिरली असेल तर बदला. पाणी अडवते ती हीच, काचेला तडा गेला तर मात्र तिचाही इलाज चालत नाही.

आता जिथे हयगय चालणार नाही, ते सांगतो. नव्या ताकदवान टॉर्चमध्ये 18650 नावाचा लिथियम सेल असतो, 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा. टॉर्च जोरात आपटला तर हा सेल काढून निरखा. पोचा पडलेला, फुगलेला किंवा गोडसर वास येणारा सेल पुन्हा चार्ज करू नये. आतले पडदे फाटून तो पेट घेऊ शकतो. नुसतं वरचं प्लास्टिक फाटलं असेल तरीही तो वापरू नका, कारण त्याचा सगळा डबा ऋण टोकाला जोडलेला असतो आणि शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून असा सेल घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. उकिरड्यावर टाकणं किंवा जाळणं, दोन्ही वाईट.

थेट भिंतीच्या प्लगला लागणारे स्वस्त चार्जिंग टॉर्चही घरोघर आहेत. त्यांतल्या अनेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून प्लगला लावल्यावर आतल्या भागांना हात लागला तर घरातल्या विजेचा झटका बसू शकतो. तडकलेला असा टॉर्च चार्जिंगला लावू नका आणि प्लगवर असताना तर मुळीच उघडू नका. आत शिशाची बॅटरी असेल तर ती रिकामी पडून राहिली की खराब होते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करत राहा.

श्रोतेहो, ही तपासणी रात्री बांधावर होत नाही. उद्या दिवसाउजेडी घरातला टॉर्च उघडा, सेल बाहेर काढून बघा, आणि रात्री पाण्याला जाणाऱ्या माणसाच्या खिशात दुसरा एक छोटा टॉर्च जरूर द्या.