पत्त्यातील तिरपी रेघ



शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. मुलगी संगणकावर दुव्याची कळ दाबते आणि समोर येते ४०४, म्हणजे पान सापडले नाही. तिला वाटते, आपलेच काही चुकले. पुष्कळदा चूक असते आज्ञावली लिहिणाऱ्याची. त्याने पत्ता नीट जोडलेला नसतो.

सी-शार्प भाषेचेच पाहा. तीत 'यूआरआय' नावाचा वर्ग आहे. त्याला मूळ पत्ता व जोड दिली, की तो नवा पत्ता बांधून देतो. मूळ वाट '/शाळा/अर्ज' आणि जोड 'दहावी' असेल, तर आपण '/शाळा/अर्ज/दहावी' अपेक्षितो. हाती येते '/शाळा/दहावी'. 'अर्ज' गळाला! शेवटी रेघ नसली, की तो टप्पा कपाट न समजता कागद समजला जातो, आणि त्याच्या जागी नवा कागद बसतो. '/शाळा/अर्ज/' लिहा, म्हणजे काम झाले. उलट जोडच '/दहावी' अशी रेघेने सुरू झाली, तर जुनी वाट सगळीच पुसली जाते.

हा त्या भाषेचा लहरीपणा नव्हे. २००५ साली टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग व लॅरी मॅसिंटर यांच्या नावे निघालेल्या 'आरएफसी ३९८६' या नियमपत्रात हेच सांगितले आहे.

कित्येक जण 'पाथ.कम्बाइन' वापरून मोकळे होतात. ती सोय फायलींसाठी आहे. विंडोजवर ती उलटी रेघ घालते. पत्त्यांना ती लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणी करताना मात्र रेघ असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते देऊन पाहा.