उन्हाळ्यातला घरचा गारवा
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण स्वयंपाकघरातले चार शब्द सांगायला हरकत नसावी.

आपले नाशिक द्राक्षांचे. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे जानेवारीपासून येतात आणि एप्रिलपर्यंत संपतात. म्हणजे ऊन खरे तापते तेव्हा द्राक्षे नसतात! मग मुले गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्याकडे धावतात. दोन वर्षांमागे माझ्या पुतण्याला विषमज्वर झाला, वीस दिवस पोर अंथरुणावर होते. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातून किंवा बर्फातून आला असावा. गोठवल्याने सगळे रोगजंतू मरत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

माल थंड ठेवण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली तो निळसर करण्याचा नियम केला. पण वरून लाल-हिरवे सरबत ओतल्यावर निळा काय नि पांढरा काय, आपल्याला कसे कळणार?

म्हणून मी असे करते की बर्फच नको, बर्फाचे काम फळाने करावे. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षे स्वस्त झाली की दोन-तीन किलो आणावीत. मणी सोडवून वाहत्या पाण्याने दोन-तीनदा धुवावेत, फडक्यावर अगदी कोरडे करावेत. ताटात सुटे पसरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावेत, मग डब्यात भरावेत. ओले ठेवले तर सगळ्यांचा एक गोळा होतो. केळी सोलून, चकत्या करून ठेवावीत. आंब्याच्या फोडीही अशाच राहतात.

चौघांसाठी दोन वाट्या गोठलेली द्राक्षे, एक केळे, वाटीभर गोड दही, अर्धी वाटी उकळून गार केलेले पाणी आणि चिमूटभर मीठ घ्यावे. फळ पाच मिनिटे बाहेर ठेवून मग मिक्सर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर मिक्सर तापतो. साखर लागत नाही. मुले याला स्मूदी म्हणतात, मी गारवा म्हणते.

दोन गोष्टी जपाव्यात. गोठलेले अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या हाती देऊ नये, घशात अडकते. आणि वीज जाऊन फळ वितळले, तर पुन्हा गोठवू नये, त्याच दिवशी संपवावे. मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. माठातल्या पाण्याचे कैरीचे पन्हे आणि ताक यांचा मान कोणी घेऊ शकत नाही.

आणखी एक. ऊन लागून कोणी बरळू लागले, शुद्ध हरपली, तर तोंडात काही ओतू नये. सावलीत नेऊन अंगावर ओले फडके फिरवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. तिथे गारव्याचा पेला कामाचा नाही.

भगिनींनो, गोळ्याला नको म्हटले की मुले हिरमुसतात. पण ‘नको’ म्हणताना हातात दुसरे काही गार असले, की रुसवा टिकत नाही. येत्या मार्चमध्ये एक डबा भरून पाहा.