जुनी जुळणी जपण्यासाठी



मुद्रक, प्रकाशक आणि अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. कागदाचे भाव, वितरण आणि सरकारी खरेदी या विषयांवर दिवसभर चर्चासत्रे आहेत. म्हणून माझा सगळा वेळ मी एकाच प्रश्नाला देतो. आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयात विंडोज ९८ किंवा एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक अजून आहे. त्यात पेजमेकर आहे, मराठी फाँट आहेत आणि मागच्या बाजूला मराठी सॉफ्टवेअर चालवायला लागणारे लॉक लावलेले आहे. तो भंगारात जाण्याआधी त्यातल्या मराठीचे काय करायचे, हा तो प्रश्न.

खिळ्यांच्या काळात फर्मा छापून झाला की तो सोडवत आणि खिळे परत केसमधल्या आपापल्या खणांत जात. जुळवलेला मजकूर सहसा तिथेच संपे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी मुद्रणाला जे देखणे वळण दिले, ते आज आपल्याला छापील पानांतूनच पाहायला मिळते. डीटीपी आल्यावर लहानशा छापखान्यालाही जुळणी स्वतःजवळ ठेवता येऊ लागली. ट्रेसिंग पेपरवर पाने काढून पुस्तक छापले तरी फाइल राही, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती उघडून दुरुस्त्या करता येत. आधीच्या पिढ्यांना न मिळालेला हा लाभ आपण आता हातचा घालवू लागलो आहोत.

‘फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवल्या आहेत’, असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. ते पुरेसे का नाही, हे समजून घ्यायला हवे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. पण आपण ज्यात पाने लावत होतो त्या पेजमेकरला देवनागरी मुळात ठाऊकच नव्हती. म्हणून श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींनी फाँटमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अर्धी अक्षरे, काने, मात्रा आणि रफार बसवले. जागा जेमतेम २५६, त्यांतल्याही सगळ्या वापरता येत नसत. कोणते अक्षर कोणत्या जागी, याचा तक्ता प्रत्येकाचा वेगळा. त्या मर्यादेत सुबक मराठी छापून दाखवणे ही मोठी कर्तबगारी होती आणि तिच्या जोरावर मराठीची असंख्य पुस्तके आणि दिवाळी अंक निघाले. परंतु त्यांच्या फाइलींत साठवलेली आहेत ती इंग्रजी अक्षरांची चिन्हे. त्याच आवृत्तीचा तो फाँट असेल तरच त्यांची मराठी होते, आणि ती प्रणाली बहुधा लॉकशिवाय चालत नाही. फाँट निसटला तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते.

विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. तिच्यासोबत आलेला मंगल हा फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पेजमेकर २००१ च्या सातव्या आवृत्तीवर थांबला आणि आपण पुढे कित्येक वर्षे त्यातच पाने लावत राहिलो. त्यामुळे अगदी अलीकडची पुस्तकेही जुन्या सांकेतिक रूपात अडकलेली आहेत.

यावर माझे सांगणे एवढेच आहे की, आधी अख्खी प्रणाली जपा आणि मग मजकुराचे रूपांतर करा. हा क्रम उलटवू नका.

अख्खी प्रणाली जपण्याचा मार्ग म्हणजे आभासी यंत्र, ज्याला आपण व्हर्च्युअल मशीन म्हणतो. नव्या संगणकावरची एक आज्ञावली जुन्या धर्तीच्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पडदा यांची नक्कल उभी करते. जुनी डिस्क एका मोठ्या फाइलच्या रूपात त्यात राहते आणि विंडोज ९८ त्या नकलेवरच चालते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात ती मोठ्या यंत्रांवर उभी केली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० म्हणून बाजारात आणली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या टेबलावरच्या संगणकात आणली. आज व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू अशा आज्ञावली वापरायला पैसेही लागत नाहीत.

प्रत्यक्ष कामात लक्ष कुठे द्यायचे ते सांगतो. पहिले म्हणजे, जुने यंत्र चालू-बंद करत राहू नका. त्याची डिस्क थकलेली असते. ती काढून आयडीई-यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावा आणि तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. डीडीरेस्क्यू ही आज्ञावली चांगला भाग आधी वाचून घेते आणि खराब जागांकडे नंतर वळते, म्हणून ती वापरावी. प्रतिमेची पडताळणी-बेरीज, म्हणजे एसएचए-२५६ चा आकडा, लिहून ठेवा आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मूळ प्रतिमेला हात न लावता तिसऱ्या प्रतीवर काम करा.

आभासी यंत्राला मेमरी सढळ हाताने देऊ नका. ५१२ एमबीच्या वर गेले की विंडोज ९८ अडखळते, २५६ पुरते. डिस्कची जोडणी आयडीई प्रकारची निवडा. एक्सपीला ओळखीचा नियंत्रक सापडला नाही तर ते सुरू होतानाच निळा पडदा दाखवते आणि अननुभवी माणसाला वाटते की सगळे गेले. डिस्कवरचा मजकूर तेव्हाही शाबूत असतो. आणि या यंत्राला इंटरनेट जोडू नका. एक्सपीच्या सुरक्षेची नियमित डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आहे.

सगळ्यांत अवघड असते ते लॉक. जुनी लॉक प्रिंटरच्या समांतर पोर्टवर बसतात आणि नव्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतो. यूएसबीवरून प्रिंटर चालवणारी केबल इथे बहुधा उपयोगी पडत नाही. पोर्टचे वेगळे कार्ड बसवून तो आभासी यंत्रापर्यंत पोचवता येतो, पण ते जाणकाराचे काम आहे. बरा मार्ग म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याकडे परवान्याच्या बदलाची मागणी करणे. विंडोजचा परवानाही कित्येकदा मूळ यंत्राशीच बांधलेला असतो, तेव्हा तोही तपासावा. चोरीची प्रत वापरा, असे या व्यासपीठावरून मी सांगणार नाही. पण जी उत्पादने आता विकली जात नाहीत, त्यांची लॉकविरहित आवृत्ती जुन्या ग्राहकांना द्यावी, अशी मागणी करण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम झाले असे समजू नका. छापलेले एक पुस्तक हातात घ्या, त्याची फाइल उघडा आणि पानामागून पान ताडून पाहा. ओळी त्याच जागी तुटतात का, जोडाक्षरे तशीच आहेत का, तळटिपा पान सोडून गेल्या नाहीत ना? प्रूफ तपासण्याची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडते. मग पोस्टस्क्रिप्टमार्गे पीडीएफ काढून ठेवा. मात्र ही पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली तरी तिच्यात शब्द शोधता येत नाही, कारण आत तीच इंग्रजी चिन्हे असतात.

यानंतर युनिकोडमधील रूपांतराकडे वळा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवला जाई; युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. परिवर्तकाच्या तक्त्यात एक जागा चुकली तर सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि पंगतीच्या आचाऱ्यांना आचार्यांचा मान मिळतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही गप्प बसते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई, त्यामुळे दोन रूपांतला एकच शब्द शोधताना हुकतो. अशी चूक पकडायची तर मूळ जुळणी जशी होती तशी समोर उघडता आली पाहिजे. घाईने रूपांतर करून जुने यंत्र विकले की ती तपासणी कायमची अशक्य होते. माझा क्रमाचा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

आभासी यंत्रही म्हातारे होईल, हे मी जाणतो. आजची आज्ञावली वीस वर्षांनी असेलच असे नाही. म्हणून डिस्कची कच्ची प्रतिमा जपावी आणि सोबत साध्या मजकुरात एक टिपण ठेवावे: कोणती प्रणाली, कोणत्या फाँटची कोणती आवृत्ती, कोणता कळफलक, कोणती पुस्तके. हे आपल्या डीटीपी ऑपरेटरांना तोंडपाठ असते. ऑपरेटर काम सोडून किंवा निवृत्त होऊन जाण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्या टिपणावर त्यांचे नाव घाला. पुस्तकाच्या श्रेयपानावर त्यांना क्वचितच जागा मिळाली. निदान इथे ती मिळावी.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात या विषयावर एक ठराव येईल. प्रत्येक सभासदाने आपल्या जुन्या यंत्रांची यादी करावी. संस्थेने जोडण्या आणि जाणकार माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत उपलब्ध करावीत. प्रकाशकांनी यापुढच्या करारात जुळणीची युनिकोड फाइल लेखकाला देण्याचे कलम घालावे. आणि यादी पूर्ण होईपर्यंत एकही यंत्र भंगारात जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. ठरावाच्या बाजूने जो हात वर होईल, त्याने आपल्या कार्यालयातील किमान एका यंत्राची जबाबदारी घेतली असे मी धरून चालेन, आणि पुढच्या अधिवेशनात त्या यंत्राचे काय झाले ते जाहीरपणे विचारेन. त्या प्रश्नाला आपल्या सर्वांकडे उत्तर असावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.