फिल्टरपर्यंत हात पोचला पाहिजे



गेल्या मोसमात कांदा भरलेली आमची पिकअप बाजाराच्या वाटेवर अडली. सुरू व्हायची, दोन मिनिटांत बंद पडायची. लिलाव हुकला. दोष एवढाच, की डिझेल फिल्टरच्या बॉडीचे आटे गेले होते आणि पंप तिथून हवा ओढत होता. पण ती बॉडी इंजिनामागे अशी दडवलेली, की बॅटरी आणि एअर क्लीनरचा पाइप काढल्याशिवाय पाना लागत नाही.

काम अवघड नाही, अडचणीचं आहे. इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. बॉडीभोवतीची धूळ पुसा. डिझेलमध्ये गेलेली धूळ इंजेक्टर खाते. येणाऱ्या-जाणाऱ्या नळ्यांवर खूण करा, तोंडं झाका. नवी बॉडी बसवताना तांब्याचे वायसर नवे घाला, रबरी रिंग डिझेलने ओली करा. मग हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की आवळा. कॉमन रेल इंजिन असेल तर जास्त दाबाच्या नळ्या सोडू नका.

उत्पादन खर्चात हा हुकलेला लिलाव कोण धरतो? २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात वाहनंही आली, शेती अवजारंही. पण हक्क मागणाऱ्यालाच मिळतो. गाडी घेताना किंमत विचारता, तसं बॉनेट उघडायला लावा, फिल्टर दाखवा म्हणा.

सभा संपली की मैदानात आमची पिकअप उघडतो. प्रत्येकाने हात घालून पाहावा.