एकच पंगत
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी बोचणारा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु सणसमारंभातच माणसांची राहणी उघडी पडते. म्हणून श्रीमंत व गरीब यांच्या राहणीत पडलेल्या अंतराविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहो.

आपले जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेस डोंगरातील आदिवासी वस्त्या, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. त्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे. मूत्रपिंडाच्या विकारांनी घरेच्या घरे खचलेली आपण पाहिली आहेत. ऐपतदार मनुष्य शुद्ध पाण्याचे कॅन विकत घेतो. मजूर नळाची वाट पाहतो. कापसाचीही तीच गोष्ट. आठवडाभर ओटी बांधून कापूस वेचणारी बाई रविवारी मिस्सेला येते आणि आपल्या विटक्या लुगड्याकडे पाहून दाराशीच बसते. तेथे बस, असे तिला कोणी म्हणत नाही. परंतु पुढे ये, असेही आम्हांपैकी कोणी म्हणत नाही.

परमगुरू तेरावे लिओ यांनी 15 मे 1891 रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र प्रसिद्ध केले. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह होईल इतकी मजुरी देणे हा न्याय आहे, असे त्यात त्यांनी शिकविले. आपली गरज व आपल्या स्थितीस शोभेल असा खर्च भागल्यावर जे उरेल ते गरिबांचे, हेही त्यांनी सांगितले. आमचे घोडे अडते ते ह्या 'शोभेल' शब्दापाशी. काल अंगणातला मांडव शोभत होता. आज मंगल कार्यालय, बँड आणि फटाके यांवाचून लग्न शोभत नाही. शोभेची मर्यादा वर्षोवर्षी पुढे सरकते, आणि काही उरण्याची वेळ येतच नाही. शिवाय ती रीत पाहून मजूरही मुलीच्या लग्नासाठी येत्या हंगामाच्या मजुरीवर उचल घेतो. हौसेने नव्हे, तर लोक काय म्हणतील ह्या भीतीने. आणि ते लोक म्हणजे आपणच!

हा दोष नवा नाही. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमे, तेव्हा काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत व काही उपाशी राहत. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांस तुम्ही लाजविता काय, असा जाब संत पौलाने आपल्या पत्रातून त्यांस विचारला. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या आम्हांसही तोच जाब लागू आहे.

म्हणून ज्युबिलीची खूण म्हणून आपण तीन निश्चय करू या. घरचे लग्न साधेपणाने करावे, व त्याचा आरंभ ज्याची ऐपत मोठी त्याने करावा. कारण गरिबाने साधेपणा पाळला तर त्यास दारिद्र्य म्हणतात, श्रीमंताने पाळला म्हणजे त्याची रीत होते. वाचलेल्या पैशातून आजाऱ्याचे औषध व मुलांचे शिक्षण चालवावे. आणि तिसरा निश्चय आजच पाळण्याजोगा आहे. आता जेवणाची पाने मांडली जातील, तेव्हा खुर्च्या वेगळ्या व सतरंजी वेगळी असे न करता एकच पंगत बसवावी. सधन बंधूंनी आधी वाढपी व्हावे, आणि दाराशी बसलेल्या त्या भगिनीस हाक मारून पहिल्या पानावर बसवावे.

प्रभू येशू ख्रिस्त आपणांस तशी बुद्धी देवो.