पाण्यात पैसे घालावेत का?

बुडालेल्या पैशांना आपण मराठीत ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतो. त्यामुळे इंदिरापुरममधल्या आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, “निवृत्तीचे पैसे पाण्याच्या फंडात टाकू का?” तेव्हा मला आधी हसूच आलं. काका मात्र गंभीर होते. दिल्लीभोवती दर उन्हाळ्यात टँकर धावतात, पाणी कमीच होत जाणार, म्हणजे वीस वर्षांत पैसा वाढणारच, असा त्यांचा हिशेब.

गल्लत इथेच होते. टंचाई आहे म्हणून कंपनीला नफा होतोच असं नाही. दिल्लीत घरगुती ग्राहकाला महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी फुकट मिळतं. म्हणजे भाव ठरतो तो बाजारात नाही, मतपेटीत. शिवाय वॉटर फंडात पाणी नसतंच. परदेशातल्या अशा फंडांत पंप, पाइप, मीटर, शुद्धीकरणाची यंत्रं बनवणाऱ्या आणि काही पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्या असतात. आपल्याकडे अशा कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. जल जीवन मिशनला २०२४-२५ साठी सुमारे ७० हजार कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती २३ हजार कोटींच्याही खाली आली. तहान तेवढीच, खर्च आटला.

मग मी काकांना आमच्याच शहराचं उदाहरण दिलं. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, ८.१ टक्के व्याजाने. कशासाठी? सांडपाणी शुद्ध करून साहिबाबादच्या कारखान्यांना विकण्यासाठी. मला हे आवडलं, कारण पाण्याचे पैसे कोण मोजणार ते इथे आधीच दिसतं. ते रोखे खासगी पद्धतीने विकले गेले, तुमच्या-माझ्यासाठी नव्हते. पण २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या सौरविजेसाठी रोखे काढले, ते सर्वांना खुले होते, किमान १० हजारांपासून. आपल्या कितीतरी इंदूरकरांना हे ठाऊक असेल.

रोख्याचं व्याज ठरलेलं, फंडाचं काहीच ठरलेलं नाही. एकाच क्षेत्राचा फंड पाच-पाच वर्षं नुसता पडून राहू शकतो. तिशीतल्या माणसाने दरमहा थोडे घातले तर तो थांबू शकतो. काका एकसष्टचे आहेत, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे.

“म्हणजे नको?” काका.

“ऑपरेशनचे पैसे नकोत. उरलेल्यातले फार तर पाच टक्के. आणि आधी त्या फंडातल्या पहिल्या दहा कंपन्यांची नावं वाचा, त्यांचं बिल कोण भरतंय ते मला सांगा.”

काका यादी घेऊन येणार आहेत रविवारी.